घरात एकच लॅपटॉप, आणि मुलाला मोफत गेम हवाय

खाडीपल्याड:
नमस्कार मंडळी. गुहागरच्या दक्षिणेला आमचं घरगुती राहण्या-जेवणाचं आहे, चार खोल्यांचं. बुकिंग, पाहुण्यांच्या आधार कार्डांचे फोटो, मेल, बँक, व्हॉट्सअ‍ॅप, सगळं एकाच लॅपटॉपवर. मुलगा यंदा नववीत जाईल. मे महिन्यात मुंबईचा भाचा आला आणि त्याने मुलाला गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम दाखवला. विकत घ्यायचा तर तीन हजारांच्या पुढे. भाच्याने सांगितलेल्या साइटवर तोच फुकट.

ती साइट मी उघडून बघितली. 'डाउनलोड' लिहिलेली पाच हिरवी बटणं, आणि कुठलंही दाबलं की नवीनच पान उघडतं. मी नको म्हटलं. तो म्हणाला, "आई, वर कुलूप दिसतंय बघ, म्हणजे साइट सुरक्षित आहे." यावर मला काही सांगता आलं नाही आणि ते मनाला लागलं. नुसतं 'नाही' म्हणून मुलाचं समाधान होत नाही, माझंही होत नाही. जूनपासून पाहुणे बंद. चार महिने पाऊस, मुलगा घरात. त्याने खेळावं असं मलाही वाटतं.

तर दोन प्रश्न. अनोळखी साइट धोक्याची आहे हे कशावरून ओळखायचं? आणि खरोखरचे फुकट, चांगले गेम कुठे मिळतात?

रातांबा:
तीन हजारांचा गेम कुणीतरी फुकट देतोय, इथेच उत्तर आलं. अनोळखी साइटवर पाऊलच ठेवू नका.

पाथरवट:
ताई, माझं कणकवलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. सुट्टी संपली की जून-जुलैत माझ्याकडे येणाऱ्या लॅपटॉपपैकी बरेचसे याच वाटेने आलेले असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कुलूप. त्याचा अर्थ एवढाच की तुमचा लॅपटॉप आणि ती साइट यांच्यामधलं बोलणं वाटेत तिसऱ्याला वाचता येत नाही. पलीकडे बसलाय तो सज्जन की चोर, हे कुलूप सांगत नाही. चोरालाही ते फुकट मिळतं. लोकांचा हाच गैरसमज होतो म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्हच काढून टाकलं आणि तिथे दोन छोट्या सरकपट्ट्यांसारखं चिन्ह आणलं. मुलाला हे नक्की सांगा, त्याचं म्हणणं चुकीच्या माहितीवर उभं होतं, हट्टावर नव्हे.

पाच बटणांतली चार जाहिराती असतात. पाचवं खरं असलं तरी त्यातून काय उतरतं ते बघायचं. माझ्याकडे येणारं नेहमीचं प्रकरण असं: एक झिप फाइल, तिला पासवर्ड, आणि तो पासवर्ड त्याच पानावर किंवा शेजारच्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिलेला. जो पासवर्ड सगळ्या जगाला सांगायचा तो लावायचाच कशाला? कारण कुलूपबंद झिपच्या आत अँटिव्हायरसला बघता येत नाही. त्याच टेक्स्ट फाइलमध्ये पुढची ओळ हमखास असते: 'इन्स्टॉल करण्याआधी अँटिव्हायरस बंद करा, तो चुकून इशारा देतो.' ही ओळ दिसली की तिथून मागे फिरायचं, पुढचं काही वाचायचंसुद्धा नाही.

आणखी एक. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट मुळातच लपवून ठेवतं. त्यामुळे 'गेमप्ले डॉट एमपी४ डॉट ईएक्सई' ही फाइल तुम्हाला 'गेमप्ले डॉट एमपी४' दिसते, आणि व्हिडिओ समजून मुलगा प्रोग्रॅम चालवतो. फाइल एक्स्प्लोररमध्ये 'व्ह्यू'त जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर टिक करा. आज रात्रीच करा, दोन मिनिटांचं काम आहे.

सुरंगी:
वाचनखूण साठवली. पाथरवटदादा, शेपटाचं मला ठाऊकच नव्हतं, आत्ता टिक केली.

देवगडी:
मी आमचंच सांगतो. गेल्या वर्षी एप्रिल, आंब्याचा ऐन हंगाम. आमच्या पेट्या थेट गिऱ्हाइकाला जातात. ऑर्डरी इन्स्टाग्रामवर आणि मेलवर घेतो. पुतण्याने माझ्या लॅपटॉपवर एका गेमसाठी 'चीट' (गेममध्ये फसवून जिंकायचा प्रोग्रॅम) उतरवली, व्हिडिओखाली कुणीतरी लिंक दिली होती. चालवली, काहीच झालं नाही, खिडकी उघडून बंद झाली. तो विसरून गेला.

लॅपटॉप हळू झाला नाही, जाहिराती दिसल्या नाहीत, काही म्हणजे काही नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे पाहतो तर इन्स्टाग्राममधून मी बाहेर, मेलचा पासवर्ड बदललेला. आमच्या नावाने गिऱ्हाइकांना निरोप गेले: 'या वर्षी माल कमी, आगाऊ रक्कम या नंबरवर पाठवा.' दोघांनी पाठवली. एक तर वीस वर्षांचं जुनं घर, वडिलांच्या वेळेपासूनचं. त्यांनी शब्दानेही विचारलं नाही, कारण आमच्यावर विश्वास होता. ते पैसे मी माझ्या खिशातून दिले. पण त्यांना फोन करताना माझा हात थरथरत होता, तो अजून आठवतो.

आणि मला एकही ओटीपी आला नव्हता. दोन पायऱ्यांची सुरक्षा चालू होती तरीही.

सुरंगी:
ओटीपीशिवाय आत शिरले कसे? मी तर समजत होते की ओटीपी असला की चिंता नाही.

पाथरवट:
देवगडीभाऊ, वाचून वाईट वाटलं. सुरंगीताई, सांगतो.

तुम्ही मेलमध्ये एकदा लॉगिन केलं की रोज पासवर्ड विचारत नाही ना? कारण त्या साइटने ब्राउझरला एक पास देऊन ठेवलेला असतो, त्याला कुकी म्हणतात. एसटीचा महिन्याचा पास असतो तसं समजा. तो दाखवला की वाहक पुन्हा तिकीट मागत नाही. देवगडीभाऊंकडे आला तो प्रोग्रॅम हे पासच उचलून नेतो, सोबत ब्राउझरमध्ये जपून ठेवलेले पासवर्डही. चोर त्याच्या घरी बसून तुमचा पास दाखवतो. ओटीपीची वेळच येत नाही. यांना इन्फोस्टीलर म्हणतात. त्यातल्या 'लुम्मा' नावाच्या एकाविरुद्ध मायक्रोसॉफ्ट आणि काही देशांच्या पोलिसांनी मे २०२५ मध्ये कारवाई केली, तेव्हा मायक्रोसॉफ्टने सांगितलं की आधीच्या दोनच महिन्यांत जगभरात ३,९४,००० विंडोज कॉम्प्युटर त्याच्या तावडीत सापडले होते.

हे काम काही मिनिटांत उरकतं, म्हणून 'लॅपटॉप तर नीट चालतोय' यावर जाऊ नका. उलट प्रकारही आहेत. क्रॅक केलेल्या, म्हणजे विकतचं कुलूप तोडून फुकट वाटलेल्या गेममधून शिरून गुपचूप क्रिप्टो चलन खणणारा 'क्रॅकोनॉश' अवास्त या अँटिव्हायरस कंपनीने २०२१ मध्ये उघड केला, दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटरवर तो होता. त्यात लॅपटॉप तापतो, पंखा ओरडतो, म्हणून लोक निदान माझ्याकडे येतात तरी. इन्फोस्टीलरवाले येतात ते पैसे गेल्यावर.

रापण:
ताई, एक सांगतंय. पोरग्यांका ओरडू नकात. माझ्या झिलान कॉलेजात असताना असाच कायतरी डाउनलोड केल्यान आणि माझ्या भीतीन चार दिवस तोंड उघडल्यान नाय. घरातले सगळे फोटो गेले. आवशीचे सुद्धा. माका फोटोंचा वायट वाटता, पण त्याहून वायट ह्या वाटता की तो माका भियालो.

फोटो तिथेच होते, पण प्रत्येकाच्या नावापुढे भलतंच शेपूट लागलेलं आणि एकही उघडेना. सोबत चिठ्ठी, पैसे भरा म्हणून. आम्ही भरले नाहीत. बाहेरच्या डिस्कवर एक प्रत ठेवली असती तर आईचा चेहरा राहिला असता.

पाथरवट:
रापणकाका, ती लॉक झालेली डिस्क जपून ठेवली आहे का? 'नो मोअर रॅन्सम' नावाचा उपक्रम आहे, युरोपोल (युरोपीय संघाची पोलीस संस्था) आणि नेदरलँड्सच्या पोलिसांनी काही कंपन्यांबरोबर २०१६ मध्ये सुरू केलेला. काही जातींच्या कुलपांच्या किल्ल्या तिथे मोफत मिळतात. मिळेलच असं म्हणत नाही. पण डिस्क फेकू नका, कणकवलीला आलात तर घेऊन या. मी बघतो.

रापण:
आसा, कपाटात आसा. येतंय.

शिडाचं_होडकं:
मी रत्नागिरीत इंजिनिअरिंगला आहे. रातांबा यांच्याशी माझा वाद आहे. 'अनोळखी साइटवर पाऊलच ठेवू नका' म्हटलं तर जगातले सगळ्यात सुंदर फुकट गेम हातचे जातील, कारण ते साधी माणसं करतात आणि त्यांच्या साइटचं नाव आपण ऐकलेलं नसतं.

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. शर्यतच हवी तर 'सुपरटक्सकार्ट'. पूर्ण मोफत, मुक्त स्रोताचा (म्हणजे आतला कोड कुणालाही वाचता येतो), जुन्या लॅपटॉपवर पळतो, एकदा उतरवला की नेट लागत नाही. एकाच कीबोर्डवर दोघे खेळू शकतात, म्हणजे तुम्हीसुद्धा. डोकं चालवायला 'बॅटल फॉर वेस्नॉथ' (२००३ पासून चालू आहे), इतिहासाची आवड असेल तर 'झिरो ए.डी.', त्यात मौर्य साम्राज्यही आहे. रस्ते, रेल्वे, बोटी चालवायच्या असतील तर 'ओपनटीटीडी'. यातल्या कशालाही क्रॅक लागत नाही, कारण लपवण्यासारखं काहीच नाही.

विकतचेच हवे असतील तर एपिकच्या ऑनलाइन गेम-दुकानात २०१८ पासून ठरावीक गेम काही दिवस फुकट देतात. त्या मुदतीत खात्यात घेतला की कायमचा आपला. स्टीम आणि जीओजी या तशाच दुकानांतही कायमचे मोफत गेम आहेत. नवोदितांचे छोटे गेम इच डॉट आयओवर.

फक्त एक. नाव गूगलवर शोधलंत तर सगळ्यात वर 'स्पॉन्सर्ड' लिहिलेला निकाल येतो, तो जाहिरातीचा. पैसे भरून कुणीही तिथे बसतं, नकली साइटसुद्धा. खाली या. त्याहून बरं म्हणजे त्या गेमच्या विकिपीडियाच्या पानावर जा आणि तिथे दिलेल्या अधिकृत साइटच्या दुव्यावरून उतरवा.

रातांबा:
होडकं, मान्य, माझं वाक्य फार कडक झालं. पण 'मोठं दुकान म्हणजे सुरक्षित' हेही पुरतं खरं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्टीमवर 'पायरेटफाय' नावाचा फुकट गेम आला होता, आत पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम निघाला. आठवड्याच्या आत तो काढला आणि ज्यांनी चालवला होता त्यांना विंडोज पुन्हा टाकण्याचा विचार करा असं कळवलं. म्हणून मोठ्या दुकानातही अगदी ताजा, कुणी फारसा न खेळलेला गेम मी आधी काही आठवडे मुरू देतो.

शिडाचं_होडकं:
हे बरोबर. दुकानाने निदान निरोप तरी पाठवला. पाच हिरव्या बटणांची साइट तुम्हाला कधी निरोप पाठवणार नाही.

देवगडी:
अवांतर: पेटीवर 'देवगड हापूस' छापलं की आत देवगडचाच असतो असं लोक मानतात. २०१८ मध्ये कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी बाहेरचा आंबा आमच्या नावाच्या पुठ्ठ्यात विकला जातो. मी गिऱ्हाइकांना सांगतो, पुठ्ठा वाचू नका, पाठवणारा कोण ते विचारा. पुतण्याला मी हाच दाखला दिला आणि त्याला तो लगेच कळला.

लाल_माती:
मी रायगडात शिक्षक आहे. इथे सगळे लॅपटॉपचं बोलताहेत, पण माझ्या वर्गातली नव्वद टक्के मुलं लॅपटॉपवर खेळतच नाहीत. आईचा किंवा बाबांचा फोन. त्याच फोनमध्ये यूपीआय.

फ्री फायर या फोनवरच्या गेमवर भारतात फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली, तेव्हापासून मुलं त्याची एपीके फाइल (अँड्रॉइडवर अ‍ॅप टाकायची फाइल) कुठूनकुठून मिळवतात. आता 'जीटीए ६ मोबाईल' चालू आहे. तो गेम जाहीर झाला तो प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स, एस यांच्यासाठी. फोनसाठी तो जाहीरच झालेला नाही, मग फाइल येईल कुठून? हे मी फळ्यावर लिहून समजावलं. एका मुलीने विचारलं, "सर, मग माझ्या दादाने काय टाकलंय?" आम्ही दोघांनी त्याच दिवशी तिच्या घरी जाऊन फोन पाहिला. त्या 'गेम'ला एसएमएस वाचायची परवानगी दिलेली होती आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीची पण. गाडी चालवायच्या गेमला तुमचे मेसेज कशाला वाचायचे असतात? अ‍ॅक्सेसिबिलिटी ही दृष्टिहीनांसारख्यांच्या सोयीसाठीची परवानगी आहे, ती दिली की दुसरा प्रोग्रॅम पडद्यावरचं सगळं वाचू शकतो आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतो. सुदैवाने घरातले पैसे वाचले.

दुसरं, हे मी स्वतः पाहिलेलं. डाउनलोडच्या आधी 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' असं पान येतं आणि सांगतं: विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. खरी तपासणी असं कधीही सांगत नाही. त्या पानाने आधीच एक आज्ञा गुपचूप कॉपी करून ठेवलेली असते आणि तुम्ही ती आपल्या हाताने चालवता. मुलांना हे एकदा करून दाखवा (एंटर न दाबता, नोटपॅडमध्ये पेस्ट करून), डोळे विस्फारतात.

सुरंगी:
सर, मुलांशी तुम्ही असं वागता हे वाचून बरं वाटलं. मला दुसरी बाजू मांडायची आहे. मालवणात आम्ही वाढलो तेव्हा सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन व्हाइस सिटी खेळायचो. ती सीडी कुणी विकत घेतली होती? कुणीच नाही. तीन हजार रुपये म्हणजे आमच्या घरी महिन्याचं वाणसामान होतं. तेव्हा 'चोरीचं नको' एवढं म्हणून भागत नाही, मुलाला तो गेम हवा असणं हे खरं आहे.

रातांबा:
मुलाला दोष कुणीच देत नाहीये. पण तेव्हा कॅफेच्या कॉम्प्युटरमध्ये तुमच्या आईची बँक नव्हती. आज खेळायचं आणि कमवायचं यंत्र एकच झालंय, फरक तिथे पडतो. आणि मोठे गेम दोन-तीन वर्षांनी सेलमध्ये चौथाई किमतीत येतात. मी मुलीला दर महिन्याला थोडे बाजूला ठेवायला सांगतो, दिवाळीच्या सेलला ती घेते.

सुरंगी:
यंत्र एकच झालंय, हे पटलं.

खाडीपल्याड:
मंडळी, सगळं वाचलं. आज दुपारी मुलाला शेजारी बसवून सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. रापणकाकांचा वाचताना तो गप्प झाला. मग म्हणाला, "आई, मी मंगळवारीच ती फाइल चालवली." भाच्याने सांगितल्याप्रमाणे अँटिव्हायरससुद्धा बंद केला होता. गेम सुरू झालाच नाही, म्हणून त्याने फाइल पुसून टाकली.

आज शुक्रवार. मी ओरडले नाही. आता काय करू, कृपया लवकर सांगा.

पाथरवट:
ताई, मुलाने सांगितलं हे फार मोठं काम केलं, त्याला तसं सांगा. आता घाई करायची पण गोंधळ नाही.

लॅपटॉपचं वायफाय आत्ता बंद करा. त्यावरून कुठलाही पासवर्ड बदलू नका, नवा पासवर्डही तिकडेच जाईल. तुमचा फोन घ्या. सगळ्यात आधी मेल, कारण बाकी सगळ्या किल्ल्या मेलवर येतात. पासवर्ड बदला, मग सिक्युरिटीमध्ये 'युअर डिव्हायसेस' उघडून बाकी सगळीकडून लॉगआउट करा. नुसता पासवर्ड बदलून थांबू नका, चोरलेला पास रद्द व्हायला हवा. मेल आपोआप दुसरीकडे पाठवण्याचा नियम कुणी लावलाय का तेही सेटिंग्जमध्ये बघा. मग बँक, मग व्हॉट्सअ‍ॅपच्या 'लिंक्ड डिव्हायसेस'मधून लॅपटॉप काढा, मग बुकिंगची खाती, इन्स्टाग्राम.

फाइल पुसल्याने आत शिरलेलं निघत नाही. डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचा, ऑफलाइन स्कॅन असतो, पण अँटिव्हायरस बंद करून चालवलं असेल तर मी कुणालाही फॉरमॅट मारायलाच सांगतो. फोटो, कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्या, कुठलाही सेटअप किंवा ईएक्सई घेऊ नका. लॅपटॉपवर विंडोज १० असेल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, ११ चालत असेल तर आता तेच टाकून घ्या.

नंतर मुलाला वेगळं खातं काढून द्या, 'स्टँडर्ड' प्रकारचं. त्यात बरेचसे प्रोग्रॅम इन्स्टॉल करायचे तर तुमचा पासवर्ड मागेल. जमलं तर त्याला वेगळा जुना डबाच द्या, ज्यात मेल नाही, बँक नाही.

देवगडी:
बँकेतून पैसे गेलेले दिसले तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, दिवसाची वाट बघू नका. मी सहा तास उशीर केला होता. नाही गेले तरी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा, पुढे उपयोगी पडते.

शिडाचं_होडकं:
त्याला पुढे कुठलीही फाइल तपासायची असेल तर व्हायरसटोटल दाखवा, फाइल टाकली की साठ-सत्तर अँटिव्हायरस एकदम बघतात. ६५० एमबीपर्यंतच घेतं आणि 'काही नाही' आलं म्हणजे शंभर टक्के साफ असं नव्हे. खाजगी कागद मात्र तिथे टाकू नका.

खाडीपल्याड:
रात्रीचे अकरा. मेलमध्ये बुधवारची एक नोंद होती, आमची नाही. बाहेर काढली. बँकेत सगळं जागेवर. बुकिंगचं खातं बदललं.

एक राहिलं. पाहुण्यांच्या आधार कार्डांचे फोटो त्याच लॅपटॉपवर, डेस्कटॉपवरच होते. ते गेले की नाही कळायला मार्ग नाही ना?

पाथरवट:
नाही, ताई. गेले असंच धरून चाला.

देवगडी:
पाहुण्यांना सांगा. मी सांगायला उशीर केला म्हणून दोघांचे पैसे गेले. आधार लॉक करता येतं, बायोमेट्रिक लॉकची (बोटांचे ठसे वगैरे बंद ठेवायची) सोय आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवर मोफत आहे, तेही त्यांना कळवा.

खाडीपल्याड:
यंदाच्या हंगामातली एक्केचाळीस कुटुंबं. यादी वहीत आहे, कागदाच्या. सकाळी नऊपासून फोन लावते, मेसेज नाही करणार. 'आमच्या नावाने पैसे मागितले तर देऊ नका' हे आधी सांगेन आणि मग आधारचं. मुलगा म्हणाला, नंबर मी वाचतो, तू बोल.

सोमवारी चिपळूणला लॅपटॉप फॉरमॅटला नेतेय. तोपर्यंत माळ्यावरचा जुना डबा खाली काढलाय, चालू होतो. सुपरटक्सकार्टची अधिकृत साइट त्याने विकिपीडियावरून शोधली आणि 'स्पॉन्सर्ड'वाली मला बोट दाखवून दाखवली.